पश्चिमेची भिंत : चर्चदुरुस्तीच्या कामाची वही

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

उपासना संपल्यावर पंचांची बैठक. विषय एकच. गेल्या रविवारी दुसरं गीत चालू असताना पश्चिमेच्या भिंतीचा ताटाएवढा पोपडा तिसऱ्या बाकावर पडला. बाकावर कोणी नव्हतं, कारण ओल येते म्हणून तो बाक गेल्या पावसाळ्यापासून रिकामाच असतो. ठराव: भिंत दुरुस्त करणे, काम नाताळच्या आत संपवणे. सर्वानुमते मंजूर. देखरेख आणि नोंदी माझ्याकडे. निवृत्त मास्तर, अक्षर बरं आणि दुपारी रिकामा, एवढ्या तीन गुणांवर निवड झाली.

घरातली एक कोरी हजेरीची वही यासाठी काढली.

२१ सप्टेंबर, शनिवार

मिस्त्री आले. शेजारच्या गावचे, सत्तरी ओलांडलेले. राहुरी तालुक्यात चुन्याचं काम येणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी, त्यातले हे एक. बोटाच्या पेरानं भिंत वाजवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. कुठे टणक आवाज, बहुतेक ठिकाणी बद.

"गुरुजी, भिंत आजारी नाही. तिचं तोंड बांधलंय."

मग समजावून सांगितलं. मूळचं बांधकाम दगड आणि चुना. जमिनीतली ओल दगडातून वर चढते, ती पूर्वी चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडून उडून जायची. पंचवीसेक वर्षांपूर्वी कुणीतरी कायमचा बंदोबस्त म्हणून वरून सिमेंटचा गिलावा चढवला. ओल आत कोंडली, तिच्याबरोबर खार आला, लोणा लागला आणि त्यानं गिलावा आतून ढकलला.

उपाय: सिमेंट सगळं काढायचं. भिंत उघडी ठेवून सुकू द्यायची. तोवर चुना विरवून मुरत ठेवायचा. मग गिलाव्याचे तीन हात, म्हणजे तीन थर, प्रत्येक हातानंतर पाणी मारत थांबायचं.

मी विचारलं, "नाताळपर्यंत होईल ना?"

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. "कुठल्या?"

घरी येऊन चर्चची जुनी मिनिटबुकं काढली. सिमेंटच्या त्या ठरावाखाली सात सह्या आहेत. चौथी माझी.

२९ सप्टेंबर, रविवार

बैठक वादळी. दोघांचं म्हणणं, वॉटरप्रूफ रसायन मारून वरून पुट्टी लावू, आठ दिवसांत काम संपतं, पाहुण्यांसमोर शोभा जात नाही. पाळकसाहेब वयानं लहान आहेत, पण त्यांनी बायबलातला यहेज्केलचा तेरावा अध्याय उघडून वाचला: कच्च्या भिंतीला वरून पांढरा लेप देणारे, आणि मग येणारा पाऊस. वाचून पुस्तक मिटलं, एक शब्द बोलले नाहीत. मतदान मिस्त्रींच्या बाजूनं गेलं, पाच विरुद्ध दोन.

शेवटी कोषाध्यक्ष म्हणाले, "असू द्या, देवाच्या वेळेला होईल." इथे मला राहवलं नाही. हेच वाक्य आम्ही विश्वस्तांच्या चेंज रिपोर्टबद्दल गेली दोन वर्षं बोलतो आहोत. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवायचं असतं. आमचा अर्ज गेलेलाच नाही, कारण दोन सह्या राहिल्या होत्या आणि त्या आणायला कुणी मोटारसायकलला किक मारली नाही. चुन्याला मुरायला लागणारा वेळ देवानं घालून दिलेला आहे. या अर्जाला लागलेला वेळ आमचा आहे, त्यावर देवाचं नाव घालू नये. असं बोललो, जरा जोरात बोललो. कोषाध्यक्षांनी टोपी घातली आणि गेले.

(३० सप्टेंबर: दोन्ही सह्या झाल्या. कोषाध्यक्ष स्वतः जाऊन घेऊन आले. सलाम झाला, बोलणं नाही.)

६ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर छिन्नी-हातोडा. पश्चिमेची भिंत उघडी झाली. मला वाटलं होतं आत सगळं भुसभुशीत असणार. खालचे तीन फूट तसेच आहेत, पण वर जुना चुना असा घट्ट की छिन्नी घसरते. त्यात कोळशाचे कण, विटेचा चुरा, एका ठिकाणी शिंपल्याचा तुकडा.

आणि खिडकीच्या डाव्या बाजूला, दोन दगडांच्या मधल्या दर्जात, तीन बोटांचे ठसे. ओला चुना बोटांनी दाबून सारखा केला, त्याचे. मधलं बोट जरा वाकडं असावं. चर्चचं मंदिर शंभर वर्षांहून जुनं असं वडीलमंडळी सांगत आली आहेत. तो गवंडी कोण, कुठला, त्या वेळी ख्रिस्ती होता की नव्हता, कशाचीच नोंद नाही. मी माझी बोटं त्या ठशांत घालून पाहिली. माझी मोठी पडली.

मिस्त्रींना सांगितलं, एवढा भाग सोडा. "सोडणारच होतो," म्हणाले.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसरा झाला, माणसं कामावर परतली. आज चुना विरवला.

मागच्या आवारात विटांचा हौद बांधून घेतला आहे. बारा गोण्या चुनकळी. दिसायला पांढरे निरुपद्रवी खडे. मिस्त्रींनी पोरांना कुंपणाबाहेर घालवलं, आम्हाला चष्मे लावायला लावले आणि पाणी सोडलं. आधी काहीच नाही. मग एक खडा तडकला. मग सगळा हौद फसफसायला लागला, वाफ उठली, पाणी उकळलं. खाली विस्तव नाही, काही नाही. अर्ध्या तासात खडे फुलून, फुटून पिठासारखे झाले. गार झाल्यावर वर चार बोटं पाणी राहील असं बघून पत्र्यानं झाकलं.

"किती दिवस?" "दीड-दोन महिने. जास्त झाले तर चांगलंच."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. दरवर्षी सातवीच्या वर्गात परीक्षानळीत चुन्याची निवळी घ्यायची, एका पोराला नळीनं फुंकायला लावायचं, निवळी दुधाळ होते, फळ्यावर लिहायचं: कार्बन डायऑक्साइड. चाळीस मिनिटांच्या तासात प्रयोग, निरीक्षण आणि अनुमान. भिंतीवर घडतं ते हेच. भट्टीत चुनखडी जाळली की हा वायू निघून जातो आणि चुनकळी उरते, पाण्यानं ती विरते, भिंतीवर चढली की हवेतून तोच वायू परत घेत पुन्हा दगड होते. फरक एवढाच की इथे फुंकणारं पोरगं नाही. हवा आपल्या चालीनं आत शिरते, वरून आत, हळूहळू. जाड गिलाव्याच्या पोटापर्यंत पोचायला महिने, कधी वर्षं. तीस वर्षं मी यातला फक्त एक मिनिट शिकवला.

रात्री बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय वाचला. यार्देन ओलांडल्यावर मोठाले धोंडे उभे करा, त्यांना चुन्याचा लेप द्या आणि त्यावर नियमशास्त्र लिहा. चाळीस वर्षं रानात काढून आलेल्या लोकांना पलीकडे गेल्यावर पहिली आज्ञा गिलाव्याची. पूर्वी कधी लक्ष गेलं नव्हतं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

ही नोंद कामाची नाही, पण वही माझ्या हातात आहे.

पुण्याहून लेकीचा फोन. दत्तकासाठी 'कारा'च्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय दत्तक संस्थेच्या, यादीत तिचं आणि जावईबापूंचं नाव २०२२ च्या सुरुवातीला लागलं. क्रमांक सरकतो, पण मुंगीच्या पावलानं. आमच्या तरुणपणी हेही नव्हतं. दत्तकाचा कायदा हिंदूंसाठी होता, ख्रिस्ती जोडप्याला १८९० च्या कायद्याखाली नुसतं पालक म्हणून नेमत. मूल घरात वाढायचं, पण कागदावर आपलं व्हायचं नाही. आता बाल न्याय कायद्यानं सगळ्यांना एकच रांग आहे, हे चांगलंच. रांग लांब आहे.

रविवारी तिच्या मंडळीतल्या एका बाई तिला म्हणाल्या, धीर धर, देवाची वेळ चुकत नाही. लेक मला म्हणाली, "बाबा, हे वाक्य बोलणाऱ्यांना नेहमी दोन-दोन मुलं कशी असतात हो?"

मला उत्तर आलं नाही. मीही ते वाक्य तिला दोनदा बोललेलो आहे.

हिनं, लेकीच्या आईनं, मागच्या वर्षी गोधडी घातली होती. माझी जुनी धोतरं आणि तिच्या दोन लुगड्यांची. निम्मी झाली आणि थांबली. आज विचारलं तर म्हणाली, "बाळ केवढं येणार ते कळू दे. सहा महिन्यांचं आलं तर एवढी पुरे, तीन वर्षांचं आलं तर पाय उघडे पडतील."

९ नोव्हेंबर, शनिवार

मिस्त्री पंधरा दिवसांसाठी लेकीकडे मालेगावला गेले आहेत. निवडणूक आली, निम्मे मजूर सभांना. काम ठप्प. भिंत उघडीनागडी. येणारा-जाणारा विचारतो, "गुरुजी, नाताळ दगडातच का?"

वेस्ट्रीची, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीची, आतली भिंत छोटी आहे, सहा बाय आठ. तेवढी तरी करून दाखवावी म्हणून आज तरुणसंघाच्या तीन पोरांना घेऊन मी हौद उघडला. सव्वीस दिवस झालेत, चुना लोण्यासारखा दिसतो. गाळायची चाळणी मिस्त्रींच्या कोठीत कुलपात, म्हणून तसाच घेतला. वाळू आणि सुरखी, म्हणजे विटेची पूड, मिसळली. एकाच हातात जाड थर. संध्याकाळी भिंत पांढरीशुभ्र. पोरांनी फोटो टाकले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२४ नोव्हेंबर, रविवार

वेस्ट्रीच्या भिंतीला फुटकुळ्या आल्या आहेत. देवीच्या व्रणांसारख्या. मोजल्या, एकशे चाळीसच्या पुढे मोजणं सोडलं. खालच्या कोपऱ्यात हातभर लांब भेग.

कुणाला सांगितलं नाही. वेस्ट्रीचं दार ओढून घेतलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मिस्त्री आले. दार उघडलं. पाहिलं. चहा मागितला. चहा पिऊन झाल्यावर नखानं एक फुटकुळी उकरली आणि आतला कण माझ्या तळहातावर ठेवला. साबुदाण्याएवढा, पांढरा.

"हा अजून जिवंत होता."

न विरलेला कण. गाळला असता तर चाळणीवर राहिला असता, महिनाभर आणखी पाण्यात असता तर आपोआप विरला असता. मी त्याला भिंतीत पुरला, तो तिथे ओल पिऊन फुगला आणि बाहेर आला.

मिस्त्री ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी छिन्नी माझ्याच हातात दिली. दुपारभर मी ती भिंत खरवडत होतो.

खरवडताना बायबलातला शौल राजा आठवला. १ शमुवेल, तेरावा अध्याय. शमुवेल संदेष्ट्यानं सांगितलं होतं, गिलगालात सात दिवस थांब, मी येऊन होमार्पण करीन. सात दिवस झाले, शमुवेल नाही, पलिष्टी समोर, लोक पांगायला लागले. शौलानं स्वतःच होम केला, आणि होम आटोपतो न आटोपतो तोच शमुवेल हजर. शब्बाथशाळेत मी ही गोष्ट आज्ञाभंगाची म्हणून सांगत आलो. पण शौलानं केलं काय? दारू प्यायला नाही, पळून गेला नाही. उपासनाच केली. उतावळेपणा असाच, चर्चचे कपडे घालून येतो. मीही ९ तारखेला देवाच्या घराचंच काम करत होतो.

लोक पांगायला लागले, हे मात्र शौलाच्या बाजूनं लिहून ठेवतो. माणसं निघून जाताना दिसली की हात शिवशिवतात.

पंचांना रविवारी सांगेन. नुकसान माझ्या खिशातून.

१ डिसेंबर, रविवार

सांगितलं. कोषाध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, निम्मे माझ्याकडून. पोरांना वाळू माझ्या ट्रॅक्टरनं दिली होती." बोलणं सुरू झालं.

आगमनकाळाचा पहिला रविवार. पाळकसाहेबांनी उपदेश केला, मी भिंतीकडे बघत होतो.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळ दगडातच झाला. परांची तशीच उभी होती, पोरांनी तिच्यावरच चांदणी टांगली. एक पाहुणे म्हणाले, हे गव्हाणीसारखं वाटतं, मुद्दाम केलंय का? हो म्हणालो.

६ जानेवारी २०२५, सोमवार

पहिला हात. चुना चौऱ्याऐंशी दिवसांचा. गाळताना चाळणीवर मूठभर कण राहिले, मिस्त्रींनी मुद्दाम मला दाखवून फेकले.

प्रमाण: चुना एक, वाळू दोन, सुरखी एक. पाणी साधं नाही. हिरडा ठेचून आणि गूळ घालून पिंपात आठ दिवस भिजत ठेवलं होतं, ते. पिंपाभोवती मुंग्यांची रांग आणि रांगेमागे पोरं. भिंत आधी भिजवायची, इतकी की दगड आणखी पाणी घेईना. मग थापीनं माल फेकून मारायचा. हळूच लावला तर धरत नाही, फेकल्यावर दगडाच्या भेगेत शिरतो. मिस्त्रींचं मनगट बघत राहावं. आवाज दरवेळी सारखा, ओल्या टाळीचा.

गिलाव्यावर गोणपाटं लटकवली. ती तीन आठवडे ओली राहिली पाहिजेत. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. ही पाळी माझी.

१९ जानेवारी, रविवार

तेरा दिवस पाणी मारतो आहे. यात नोंदवण्यासारखं काही घडत नाही. भिंत काल होती तशीच आज. गोणपाट ओलं करायचं, पाच वाजता पुन्हा यायचं.

वाट पाहणं म्हणजे हात बांधून बसणं, असं मी का धरून चाललो होतो कोण जाणे. इथे एक पाळी चुकली तर भेग पडते. आणि जास्तीची पाळी मारून दिवस एकही कमी होत नाही. करायचं ते सगळं करायचं, घडायचं ते आपल्या हातात नाही, या दोन्ही गोष्टी एकाच बादलीत आहेत.

भगिनी मंडळानं दुपारची पाळी मागून घेतली. बारा वाजता त्या येतात, भजन म्हणत पाणी मारतात, त्यामुळे दुपारचं पाणी माझ्यापेक्षा बरं बसतं.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरा हात २७ जानेवारीला झाला. पाणी चालू.

आज शब्बाथशाळेत याकोबाचं पत्र, पाचवा अध्याय. शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहत धीर धरतो, तसे तुम्हीही धरा. एका पोरीनं विचारलं, "गुरुजी, शेवटच्या पावसाची वाट कशाला बघायची? तेव्हा शेतात असतंच काय?"

प्रश्न बरोबर आहे. जुन्या करारात आपल्याकडे आगोटीचा आणि वळवाचा पाऊस असे शब्द पडलेत, आणि नगरचा माणूस ते वाचतो तेव्हा त्याला मे महिन्यातला वळीव दिसतो: नांगरून पडलेलं रिकामं रान, धुळीचा लोट, गारा, आंब्याचा नाश. त्या वळवाची कोण वाट पाहील? पॅलेस्टाइनात पाऊस हिवाळ्यात येतो. पहिला ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेरणीला. शेवटचा मार्च-एप्रिलात, सातू-गव्हाचा दाणा भरताना. म्हणजे तो आपला वळीव नव्हेच. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं काही असेल तर शाळू. हस्ताच्या ओलीवर पेरायचा, आणि पुढे पाऊस नाहीच. काळ्या रानाच्या पोटात साठलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर कणीस भरतं. पोरांना म्हटलं, याकोब नगरचा असता तर त्यानं शाळूचं उदाहरण दिलं असतं. वर बघायची सोयच नाही, जे मिळायचं ते आधीच खाली जमिनीत आहे, यावर विसंबून महिने काढायचे.

पोरगी म्हणाली, "आमचा शाळू यंदा चांगला आहे."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लेक दोन दिवस राहायला आली होती. गृहभेटीच्या अहवालाची मुदत तीन वर्षं, ती संपली. समाजसेविका पुन्हा घरी येणार, पुन्हा तेच प्रश्न, पुन्हा पगाराच्या पावत्या. यादीतली जागा जात नाही, पण अंगावर येतं.

तिला चर्च दाखवायला नेलं. तिनं तीन बोटांच्या ठशांत बोटं घातली. तिची नीट बसली.

परतताना ही म्हणाली, याच राहुरीत लक्ष्मीबाई टिळकांचं सगळं झालं. त्यांचे यजमान रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षांनी. आपण उपदेशात ऐकतो, टिळकांनी किती धीर धरला, बायकोवर जबरदस्ती केली नाही. "खरंच आहे ते. पण त्या पाच वर्षांत तिच्यावर काय गुदरलं त्याला धीर म्हणायचं कुणाला सुचत नाही. वाट पाहणारा एकटा नसतो, त्याच्या वाट पाहण्याखाली दुसरंही कुणीतरी असतं."

लेक म्हणाली, "आई, सारेला शंभर वर्षांच्या नवऱ्याकडून मूल होणार म्हटल्यावर ती हसली, ते मला बायबलमधलं सगळ्यात खरं वाक्य वाटतं."

"हसली नसती तर मुलाचं नाव काय ठेवलं असतं?" हिनं विचारलं. इसहाक म्हणजे तो हसतो. स्वयंपाकघरात बराच वेळ दोघी हसत होत्या.

१२ मार्च, बुधवार

तिसरा हात चालू. हा पातळ, गाळीव चुन्याचा, नंतर गुळगुळीत दगडानं घोटायचा.

मिस्त्रींचे रोजे २ तारखेपासून, आमचा उपासकाळ ५ तारखेला राखेच्या बुधवारी सुरू झाला. मी मांसाहार सोडला आहे आणि त्याची मला दर गुरुवारी आठवण येते. मिस्त्री पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाहीत, आणि काम काय, तर दिवसभर भिंतीला पाणी पाजायचं. दुपारी दोन वाजता पिचकारी भिंतीवर मारताना तुषार त्यांच्या तोंडावर उडतात. ते बाहीनं ओठ पुसतात आणि पुढची पट्टी भिजवतात.

मी म्हटलं, मिस्त्री, काम ईदनंतर करू. म्हणाले, "उन्हाळा थांबतोय का? एप्रिलच्या उन्हात हा हात करपेल. आत्ताच वेळ आहे."

म्हणजे घाई करायची वेळही असते. सप्टेंबरात 'कुठल्या नाताळला' विचारणारा हाच माणूस. हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

संध्याकाळी अजान झाल्यावर आवारातल्या पिंपळाखाली त्यांनी खजूर सोडला. पाण्याचा पेला मी दिला. एका दमात नाही प्यायले, तीन घोटांत.

२० एप्रिल, रविवार

पुनरुत्थानाचा दिवस. पहाटे पाचला उपासना. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं ते थेट पश्चिमेच्या भिंतीवर. घोटलेला चुना रंगासारखा पांढरा नसतो. आतून उजेड आल्यासारखा दिसतो, अंड्याच्या टरफलासारखा. तिसऱ्या बाकावर माणसं बसली होती.

पाळकसाहेबांनी लाजराच्या बहिणीवरही दोन शब्द सांगितले. लाजर आजारी असल्याचा निरोप येशूला मिळाला तरी तो आणखी दोन दिवस होता तिथेच राहिला, आला तेव्हा लाजराला कबरेत चार दिवस झालेले. मार्था त्याला तोंडावर म्हणते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तो तिला रागे भरत नाही, धीर धरायला हवा होतास असंही म्हणत नाही. घरी आल्यावर लेकीला फोन केला आणि ऑक्टोबरपासून राहिलेलं उत्तर दिलं. म्हटलं, मी ते वाक्य पुन्हा बोलणार नाही. तुला ओरडायचं असेल तर त्याच्यावर ओरड, त्याला चालतं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, भिंतीचा फोटो पाठवा.

२७ मे, मंगळवार

सगळे अंदाज चुकले. मे अर्धा संपल्यापासून पाऊस सुरू आहे आणि हा वळीव राहिलेला नाही. काल मान्सून मुंबईत पोचलासुद्धा, मे महिन्यात. बाहेरच्या अंगाचं दर्जा भरणं दहा फूट राहिलं आहे. रानात काढून ठेवलेला कांदा भिजला, मंडळीतल्या तीन घरांचं मोठं नुकसान. प्रार्थनासभेत यावर कुणी देवाची वेळ वगैरे बोललं नाही. सगळ्यांनी मिळून राहिलेला कांदा चर्चच्या व्हरांड्यात पसरला.

रात्री टॉर्च घेऊन आतून भिंत पाहिली. वरचा भाग कोरडा, हाताला गार. खाली, वेस्ट्रीच्या दाराजवळ, परातीएवढा ओला डाग. मिस्त्रींना फोन लावला.

"डाग येणारच, गुरुजी. सिमेंटनं इतकी वर्षं कोंडलेलं पाणी आहे, ते एका उन्हाळ्यात जातंय होय? बघा, वाढतोय का कमी होतोय. हात लावू नका."

"कधीपर्यंत?"

"तुम्ही लिहून ठेवता ना सगळं? लिहा."

१५ जून, रविवार

हौदात अजून दोन-अडीच गोण्यांचा चुना शिल्लक आहे. वर चार बोटं पाणी, पत्रा, पत्र्यावर दगड. बाहेरचे दहा फूट पावसाळ्यानंतर. तोवर तो आणखी चांगला होईल असं मिस्त्री सांगतात.

चेंज रिपोर्ट मंजूर होऊन आला.

लेकीकडची गृहभेट झाली, नवा अहवाल यादीला जोडला गेला. संस्थेकडून मुलाची माहिती आली की हो म्हणायला अठ्ठेचाळीस तास मिळतात. तीन वर्षांहून जास्त वाट आणि निर्णयाला दोन दिवस. जावईबापू फोन उशाशी घेऊन झोपतात. हिनं गोधडी पुन्हा काढली आहे. आता मोठीच घालते म्हणाली, लहान आलं तर दुमडता येते.

वेस्ट्रीच्या डागाभोवती आज तिसऱ्यांदा पेन्सिलीनं रेघ मारली. पहिली २८ मे, दुसरी ६ जून. आजची रेघ दुसरीच्या आत आहे, डावीकडे दोन बोटं, वर एक बोट. उजवीकडे जिथल्या तिथे. रेघेजवळ तारीख टाकली. पुढची रेघ २४ तारखेला.